इंटिग्रिन ब्लॉक केलं, मग पेशी पळाल्या की थांबल्या? अ‍ॅडहीजन आणि मायग्रेशन अ‍ॅसे नीट कसे करायचे

एम.एस्सी.च्या शेवटच्या सेमिस्टरला कॅन्सर बायोलॉजीत डिझर्टेशन घेतलं की बऱ्याच जणांच्या वाट्याला एक सरफेस प्रोटीन, दोन सेल लाइन्स आणि गाइडचं एक वाक्य येतं, "अ‍ॅडहीजन आणि मायग्रेशन करून बघ", म्हणजे पेशी कशाला किती चिकटतात आणि किती सरकतात ते मोज. ऐकायला आठवड्याचं काम वाटतं आणि प्रोटोकॉल तर नेटवर ढिगाने आहेत, पण त्यात कुठली स्टेप का आहे हे कोणी लिहीत नाही, मग डेटा आला की त्याचा अर्थच लागत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. उदाहरण म्हणून बीटा-१ इंटिग्रिन (इंटिग्रिन म्हणजे पेशीला मॅट्रिक्सला, म्हणजे भोवतालच्या प्रोटीनच्या जाळ्याला, धरून ठेवणारं पृष्ठभागावरचं प्रोटीन) आणि एमडीए-एमबी-२३१, एमसीएफ-७ या दोन ब्रेस्ट कॅन्सर लाइन्स घेतल्यात, तुमचं प्रोटीन दुसरं असेल तरी विचार करायची पद्धत हीच.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. "पेशी कमी चिकटली म्हणजे जास्त पळणार" असं गणित नसतं, उलटंही नसतं. १९९७ मध्ये पॅलेसेक, लॉफनबर्गर, हॉर्विट्झ वगैरे मंडळींनी नेचरमध्ये दाखवलं की सीएचओ (चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयातल्या) पेशींचा वेग मधल्या ताकदीच्या चिकटण्याला सगळ्यात जास्त असतो, फार कमी चिकटली तर पेशीला पुढे ओढून घ्यायला आधार मिळत नाही आणि फार जास्त चिकटली तर मागचा भाग सुटतच नाही. ओल्या गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो आणि गुडघाभर चिखलात पाय निघत नाही, चालता येतं ते या दोन्हीच्या मधे, तसंच. म्हणजे तुम्ही इंटिग्रिन ब्लॉक केलं आणि मायग्रेशन वाढलं तर प्रयोग फसला असं लगेच समजू नका, तुमची पेशी त्या वक्राच्या कुठल्या बाजूला उभी होती ते आधी बघा. आणि हे बघायचं तर अ‍ॅडहीजन आणि मायग्रेशन हे दोन वेगळे प्रश्न म्हणून वेगवेगळे मोजावे लागतात.

कोण कशाला चिकटतं, एवढं पाठच हवं

माणसात इंटिग्रिनच्या १८ अल्फा आणि ८ बीटा चेन्स आहेत आणि त्यांच्या जोड्या २४ बनतात. सगळ्या पाठ करायची गरज नाही. अल्फा-५ बीटा-१ फायब्रोनेक्टिनला धरतं, अल्फा-२ बीटा-१ कोलॅजेनला, अल्फा-६ बीटा-१ आणि अल्फा-३ बीटा-१ लॅमिनिनला, अल्फा-व्ही बीटा-३ हे व्हिट्रोनेक्टिनला (आणि फायब्रोनेक्टिनलाही, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे). फायब्रोनेक्टिनमधली आरजीडी म्हणजे आर्जिनिन-ग्लायसिन-अ‍ॅस्पार्टेट ही तीन अमिनो अ‍ॅसिडची जागा १९८४ मध्ये पियर्शबाखर आणि रुओस्लाहती यांनी दाखवली, आज आपण जे आरजीडी पेप्टाइड मागवतो त्याचं मूळ तिथे आहे. इंटिग्रिनला काम करायला मॅग्नेशियम, कॅल्शियमसारखे आयन लागतात, मँगनीज टाकलं तर ते आणखी अ‍ॅक्टिव्ह होतं, ईडीटीए (हे आयन पकडून ठेवणारं रसायन) टाकलं की बंद.

कॅडहेरिनचं वेगळं आहे, ते मॅट्रिक्सला नाही तर शेजारच्या पेशीवरच्या कॅडहेरिनलाच धरतं, आणि त्याला कॅल्शियम लागतंच लागतं. तिसरं सीडी४४, ते हायल्युरोननला (मॅट्रिक्समधल्या साखरेच्या लांब साखळीला) धरतं. एमसीएफ-७ वर ई-कॅडहेरिन भरपूर असतं, त्या पेशी एकमेकींना चिकटून बेटं करून वाढतात. एमडीए-एमबी-२३१ मध्ये ई-कॅडहेरिनच्या जीनचा प्रमोटर मेथिलेट झालेला असल्यामुळे ते जवळपास नसतंच, सीडी४४ मात्र भरपूर, आणि पेशी सुट्ट्या, लांबट दिसतात. मायक्रोस्कोपखाली नुसतं बघून सांगता येतं कुठली कुठली. तुमच्या फ्लास्कमधल्या २३१ जर गोल गोल बेटं करत असतील तर प्रयोग थांबवा आणि सेल लाइनच तपासा.

हे मस्करीत नाही म्हणत. एमडीए-एमबी-४३५ ही लाइन कित्येक वर्षं ब्रेस्ट कॅन्सरची म्हणून वापरली गेली आणि नंतर ती एम१४ नावाची मेलानोमाची लाइन निघाली. म्हणून पेशी मित्राच्या लॅबमधून बाटलीत घालून आणण्यापेक्षा पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) सेल रिपॉझिटरीतून किंवा अशाच ठिकाणाहून घ्या, एसटीआर प्रोफाइलचा (पेशींच्या डीएनए ओळखीचा) कागद जपून ठेवा, आणि मायकोप्लाझ्माची (कल्चरमध्ये न दिसता वाढणाऱ्या बारीक बॅक्टेरियाची) टेस्ट सुरुवातीलाच करा. मायकोप्लाझ्मा पेशीच्या पृष्ठभागावरच बसतो आणि तुम्हाला मोजायचंय ते पण पृष्ठभागावरचंच, पुढचं सांगायला नको. अजून एक, २३१ साठी एल-१५ मीडियम वापरत असाल तर ते साध्या हवेसाठी बनवलेलं आहे, झाकण सैल ठेवून सीओ२ इन्क्युबेटरमध्ये ठेवलं तर मीडियम अ‍ॅसिडिक होऊन पिवळं पडतं. एकतर सीओ२ शिवाय वाढवा नाहीतर पेशींना हळूहळू डीएमईएमवर आणा.

पेशी उचलण्यापासूनच अ‍ॅसे सुरू होतो

इथे सगळ्यात जास्त माती खाल्ली जाते. रोजच्या सवयीने ट्रिप्सिन-ईडीटीए टाकलं, पाच मिनिटं ठेवलं, पेशी सुटल्या, मोजल्या, प्लेटमध्ये घातल्या. पण ट्रिप्सिन हे प्रोटीन कापणारं एन्झाइम आहे आणि तुमचं प्रोटीन पेशीच्या बाहेर लोंबतंय! ई-कॅडहेरिनचं तर उघड आहे, कॅल्शियम असेल तर ते ट्रिप्सिनपासून वाचतं आणि ईडीटीए सोबत असेल तर कापलं जातं, ताकेइची यांनी जपानमध्ये कॅडहेरिन शोधलं ते याच फरकाचा पाठपुरावा करत. म्हणजे आपली नेहमीची ट्रिप्सिन-ईडीटीएची बाटली ही कॅडहेरिन उडवायची बाटली आहे.

इंटिग्रिनच्या अ‍ॅसेसाठी २ ते ५ मिलिमोलर ईडीटीए पीबीएसमध्ये घेऊन पेशी सोडवा, वेळ जास्त लागतो, प्लेट हळूच आपटावी लागते, पण रिसेप्टर शाबूत राहतात. नाहीतर अ‍ॅक्युटेझ. आणि ट्रिप्सिनच वापरायची वेळ आली तर अगदी कमी वेळ वापरा आणि ते थांबवायला सीरम नको, सोयाबीन ट्रिप्सिन इनहिबिटर वापरा, कारण सीरममध्येच फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन दोन्ही असतात, ते तुमच्या पेशींना आणि प्लेटला आधीच चिकटून बसतात आणि मग तुम्ही नक्की कुठल्या कोटिंगवरचं अ‍ॅडहीजन मोजताय हे देवालाच ठाऊक. ईडीटीए वापरलं तर पेशी सेंट्रिफ्यूज करून ते धुऊन टाका, नाहीतर तेच पुढे इंटिग्रिन बंद करेल. मग सीरम-फ्री मीडियममध्ये ०.१ टक्का बीएसए (गाईचं अल्ब्युमिन प्रोटीन) घालून पेशी ३७ डिग्रीला अर्धा-एक तास नुसत्या ठेवा, मधेमधे ट्यूब हलवा, म्हणजे त्या सावरतात.

त्याच वेळी थोड्या पेशी बाजूला काढून फ्लो सायटोमेट्री (एकेका पेशीवरचं प्रोटीन चमकणाऱ्या अँटिबॉडीने मोजणं) करून घ्या. पेशी फिक्स किंवा पर्मिअबिलाइझ न करता, बर्फावर, लाइव्ह-डेड डाय घालून, म्हणजे फक्त बाहेरचं प्रोटीन दिसतं. वेस्टर्न ब्लॉट सगळं एकत्र दाखवतो, आत साठवलेलं इंटिग्रिन पण त्यात येतं, त्यामुळे वेस्टर्नमध्ये बँड जाड आहे म्हणून सरफेसवर जास्त आहे असं लिहू नका, व्हायवाला एक्स्टर्नल बरोबर तिथेच पकडतात.

अ‍ॅडहीजन अ‍ॅसे

९६ वेलची प्लेट घ्या, शक्यतो टिश्यू कल्चर ट्रीटेड नसलेली. फायब्रोनेक्टिन पीबीएसमध्ये १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, वेलला ५० ते १०० मायक्रोलिटर, ३७ डिग्रीला एक तास किंवा ४ डिग्रीला रात्रभर. फायब्रोनेक्टिनची व्हायल व्हॉर्टेक्स करू नका, त्याच्या गाठी होऊन ते खाली बसतं, हळू उलटीसुलटी करा बस. नंतर १ टक्का बीएसएने एक तास ब्लॉक करा, आणि हे बीएसए आधी ८०-८५ डिग्रीला दहा मिनिटं गरम करून गार केलेलं हवं, साध्या बीएसएवर काही पेशी चक्क चिकटून बसतात आणि बॅकग्राउंड वर जातं.

आता एक गोष्ट जी प्रोटोकॉलमध्ये नसते. १० मायक्रोग्रॅम हा आकडा डोळे मिटून घेऊ नका. आधी एकदा ०.५ पासून २० पर्यंत पाच-सहा कॉन्सन्ट्रेशन लावून वक्र काढा आणि जिथे साधारण अर्ध्या पेशी चिकटतात ते कॉन्सन्ट्रेशन ब्लॉकिंगच्या प्रयोगाला घ्या. कारण कोटिंग ठासून भरलेलं असेल तर अँटिबॉडीने सत्तर टक्के रिसेप्टर झाकले तरी उरलेल्या तीस टक्क्यांवर पेशी आरामात चिकटते आणि तुम्ही लिहून मोकळे होता की "परिणाम दिसला नाही".

प्रत्येक वेलमध्ये तीस ते पन्नास हजार पेशी, १०० मायक्रोलिटर सीरम-फ्री मीडियममध्ये, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असलंच पाहिजे. ३७ डिग्रीला ३० ते ४५ मिनिटं. एक-दोन तास ठेवलं तर पेशी पसरायला लागतात, स्वतःचं मॅट्रिक्स सोडायला लागतात आणि मग अ‍ॅडहीजन कुठलं आणि स्प्रेडिंग कुठलं सगळी खिचडी. धुताना पीबीएस कॅल्शियम-मॅग्नेशियमवालं घ्या! स्टोअरमधलं नेहमीचं पीबीएस बिनाआयनचं असतं, त्याने दोनतीनदा धुतलं की चिकटलेल्या पेशी पण सुटायला लागतात आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो. पिपेट वेलच्या भिंतीला लावून हळू सोडा, मधोमध फवारा मारू नका, आणि सगळ्या वेल्स एकाच माणसाने एकाच हाताने धुवाव्यात, इथे हाताचा फरक खरंच पडतो. प्लेटच्या कडेच्या वेल्स रिकाम्या ठेवता आल्या तर ठेवा.

मग ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडने फिक्स, ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट पंधरा मिनिटं, नळाच्या पाण्याने निथळ होईपर्यंत धुवा, वाळवा, १० टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडने रंग सोडवा आणि ५९० नॅनोमीटरला रीडिंग घ्या. रीडिंगच्या आधी मायक्रोस्कोपखाली चार वेल्स बघाच, बघितल्याशिवाय प्लेट रीडरवर विश्वास नको.

कंट्रोल किती लावायचे यावर लॅबमध्ये नेहमी वाद होतो, प्लेट महाग, वेल्स कमी वगैरे. माझं मत स्पष्ट आहे, सँपल कमी करा पण कंट्रोल कापू नका. फक्त बीएसएच्या वेल्स हव्यात, पॉली-एल-लायसिनच्या हव्यात (तिथे पेशी चार्जमुळे चिकटतात, इंटिग्रिनचा संबंध नाही, तिथेही तुमची अँटिबॉडी पेशी सोडवत असेल तर ती विषारी आहे एवढाच अर्थ), ईडीटीए घातलेल्या हव्यात, आणि ज्यात पेशी घातल्या पण धुतल्याच नाहीत, थेट फिक्स केल्या अशा तीन वेल्स हव्यात, म्हणजे टक्केवारी कशाची काढायची ते कळतं.

ब्लॉकिंग अँटिबॉडीबद्दल थोडं थांबून बोलतो कारण इथे पैसा जातो. बीटा-१ ची अँटिबॉडी म्हणजे बीटा-१ ब्लॉक करणारच असं नाही. पी५डी२ आणि एआयआयबी२ हे क्लोन (म्हणजे एकाच पेशीवंशातून बनलेल्या ठरावीक अँटिबॉडी) ब्लॉक करतात. टीएस२/१६ हा क्लोन बीटा-१ ला बांधतो पण त्याला अ‍ॅक्टिव्हेट करतो, बरोब्बर उलटं. कॅटलॉगमध्ये सगळ्यांचं नाव "अँटी इंटिग्रिन बीटा-१" एवढंच, वेस्टर्नसाठी मागवलेली कुठलीतरी बाटली फ्रीजमध्ये आहे म्हणून ती वापरू नका, क्लोनचं नाव बघा. दुसरं म्हणजे बाटलीत सोडियम अझाइड आहे का बघा, ते पेशींना मारतं, अझाइड-फ्री मागवा किंवा डायलिसिस करा. आणि आयसोटाइप कंट्रोल (तशीच, पण तुमच्या प्रोटीनला न बांधणारी अँटिबॉडी) त्याच प्राण्याचा त्याच सबक्लासचा घ्या, एआयआयबी२ ही रॅटची आयजीजी-१ आहे, तिला माउस आयजीजीचा कंट्रोल लावून काही कळणार नाही. १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीने सुरुवात करा, पेशींबरोबर १५ ते ३० मिनिटं आधी ठेवा आणि अँटिबॉडीसकट प्लेटमध्ये घाला. पेप्टाइड वापरत असाल तर जीआरजीडीएसपी सोबत जीआरजीईएसपी हा कंट्रोल हवा, फक्त एका अमिनो अ‍ॅसिडचा फरक.

आता वाचायचं कसं. कोलॅजेनला धरणारी चारही इंटिग्रिन्स बीटा-१ चीच आहेत, त्यामुळे कोलॅजेनवर बीटा-१ ब्लॉक केलं तर चिकटणं जवळजवळ संपलं पाहिजे, नाही संपलं तर अँटिबॉडीचा डोस कमी आहे. फायब्रोनेक्टिनवर मात्र थोडं उरलं तर घाबरू नका, तिथे अल्फा-व्हीची मंडळी पण काम करतात. म्हणून दोन्ही कोटिंग एकाच प्लेटवर लावा, एक दुसऱ्याचं उत्तर तपासतं.

तुमचं प्रोटीन सीडी४४ असेल तर हायल्युरोनन प्लास्टिकला सहज बसत नाही, ते निगेटिव्ह चार्जचं आहे, त्यामुळे मायक्रोग्रॅम नाही तर मिलिग्रॅममध्ये कोटिंग लागतं आणि काही वेल्स हायल्युरोनिडेझने खाऊन टाकून कंट्रोल करावा लागतो. ई-कॅडहेरिन असेल तर हा अ‍ॅसेच नको, एमसीएफ-७ सुट्ट्या करून कॅल्शियमसह आणि ईडीटीएसह हँगिंग ड्रॉपमध्ये ठेवा आणि गुठळ्या किती मोठ्या होतात ते मोजा, ब्लॉक करायला एचईसीडी-१ क्लोन चालतो.

मायग्रेशन: स्क्रॅच आणि ट्रान्सवेल

स्क्रॅच अ‍ॅसे स्वस्त म्हणून सगळे करतात. २४ वेलच्या प्लेटमध्ये पेशी पूर्ण कॉन्फ्लुएंट होऊ द्या, २०० मायक्रोलिटरच्या टिपने एका दमात सरळ रेघ मारा, दोनदा धुऊन सुटलेल्या पेशी काढून टाका, प्लेटच्या खालून मार्करने खूण करा म्हणजे ० तासाला आणि नंतर तीच जागा सापडेल, आणि इमेज-जे मध्ये मोकळी जागा मोजा. रुंदी एका ठिकाणी मोजू नका, क्षेत्रफळ घ्या.

भानगड अशी की रेघ भरते ती पेशी सरकल्या म्हणून की वाढल्या म्हणून, हे रेघ सांगत नाही. त्यासाठी एकतर सीरम १ टक्क्यावर आणा नाहीतर आधी मायटोमायसिन सी १० मायक्रोग्रॅम प्रति मिली दोन तास द्या (डोस आपल्या पेशींवर तपासून, हातमोजे घालून, कचरा वेगळा), आणि २४ तासांच्या पुढे ओढू नका. आणखी एक, टिप ओढताना खालचं कोटिंगही खरवडलं जातं, म्हणजे फायब्रोनेक्टिनच्या कोटिंगवर स्क्रॅच केला तर पेशी ज्या रिकाम्या पट्ट्यात शिरतात तिथे फायब्रोनेक्टिन उरलंय की नाही याची खात्री नाही. इंटिग्रिनच्या प्रश्नाला म्हणूनच मी स्क्रॅचपेक्षा सिलिकॉनचे इन्सर्ट किंवा ट्रान्सवेल घेईन. एमसीएफ-७ स्क्रॅचमध्ये फारशा हलत नाहीत, एक चादर म्हणून किंचित सरकतात, दोन दिवसांनी भरलेली रेघ बघून खूश होऊ नका.

ट्रान्सवेल म्हणजे तळाला छिद्रांचं मेम्ब्रेन असलेला इन्सर्ट, पेशी त्यातून खाली उतरतात, कल्पना बॉयडन यांची, १९६२ ची. २३१ साठी ८ मायक्रॉनची छिद्रं, वर सीरम-फ्री मीडियममध्ये पन्नास हजार ते लाखभर पेशी २०० मायक्रोलिटरमध्ये, खाली ६०० मायक्रोलिटर १० टक्के सीरमवालं मीडियम, १६ ते २४ तास. इन्सर्ट ठेवताना तिरकं धरून ठेवा, मेम्ब्रेनखाली हवेचा बुडबुडा राहिला की तिथे गोल टक्कल पडतं. शेवटी वरच्या न उतरलेल्या पेशी ओल्या इअरबडने पुसायच्या, दोनदा, कडेकडेने सुद्धा, इथे कंटाळा केला की सगळी मेहनत वाया. क्रिस्टल व्हायोलेटमध्ये छिद्रं पण गोल दिसतात त्यामुळे नवीन माणूस छिद्रंच मोजत बसतो, डॅपीने (डीएनएला चिकटून चमकणारा डाय) न्यूक्लियस मोजा ते सोपं. खालच्या वेलमध्ये गळून पडलेल्या पेशी असतील तर त्याही मोजा, विशेषतः इंटिग्रिन ब्लॉक केल्यावर, कारण पलीकडे पोचून मेम्ब्रेनला न चिकटता पडलेली पेशी ही "मायग्रेट झाली नाही" म्हणून मोजली जाते आणि तुमचा अ‍ॅडहीजनचा परिणाम मायग्रेशनच्या नावावर खपतो. हा एक मुद्दा बऱ्याच थिसिसमध्ये राहून जातो.

दोन इन्सर्टमध्ये वरही सीरम आणि खालीही सीरम ठेवा. तिथेही तेवढ्याच पेशी उतरल्या तर त्या ओढीने नाही, नुसत्या जास्त वळवळीने उतरल्यात. आणि इंटिग्रिनचाच प्रश्न असेल तर सीरमऐवजी मेम्ब्रेनच्या खालच्या बाजूला फायब्रोनेक्टिन लावा, म्हणजे पेशी मॅट्रिक्सच्या दिशेने जातात का ते सरळ दिसतं.

इन्व्हेजन (मॅट्रिक्स फोडून आत घुसणं) हवं असेल तर वर मॅट्रिजेल. ते रात्रभर ४ डिग्रीला बर्फात वितळवा, टिप्स, ट्यूब, इन्सर्ट सगळं थंड, नाहीतर पिपेटमध्येच जमतं. हे उंदराच्या सार्कोमातून काढतात, मुख्यतः लॅमिनिन आणि कोलॅजेन-४, प्रत्येक लॉट वेगळा असतो म्हणून पूर्ण प्रोजेक्ट एकाच लॉटवर करा.

दोन्हीचे आकडे शेजारी ठेवल्यावर

बीटा-१ ब्लॉक केल्यावर अ‍ॅडहीजन कमी, मायग्रेशन पण कमी, असं आलं तर सरळ आहे. अ‍ॅडहीजन कमी आणि मायग्रेशन जास्त आलं तर फायब्रोनेक्टिनचं कोटिंग कमी-मध्यम-जास्त करून परत मोजा. वरच्या पॅलेसेकच्या वक्राप्रमाणे जास्त कोटिंगवर वेग वाढेल आणि कमी कोटिंगवर घटेल, मग गोष्ट जुळली. शक्य असेल तर टाइम-लॅप्स लावून एकेका पेशीचा माग काढा, इमेज-जे मधलं ट्रॅकमेट फुकट आहे, वेग आणि दिशा टिकवणं हे दोन वेगळे आकडे मिळतात, ट्रान्सवेल हे दोन्ही एकत्र कालवून देतो.

आणि डिस्कशनमध्ये "मेटास्टॅसिस" हा शब्द जपून वापरा. ई-कॅडहेरिन गेलं की पेशी सुटते हे खरंच, लोब्युलर ब्रेस्ट कॅन्सरमध्ये ते बहुतेक वेळा गेलेलंच असतं आणि पॅथॉलॉजीवाले त्याच्याच स्टेनिंगवर लोब्युलर आणि डक्टल वेगळं करतात. पण २०१९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या इवाल्ड लॅबने नेचरमध्ये दाखवलं की डक्टल प्रकारच्या उंदरांच्या मॉडेल्समध्ये ई-कॅडहेरिन काढलं तर इन्व्हेजन वाढतं पण पेशी वाटेत मरतात आणि मेटास्टॅसिस उलट कमी होतं. औषधाच्या बाजूने पण तेच. सिलेन्जिटाइड हे आरजीडीवरच बेतलेलं, अल्फा-व्ही इंटिग्रिन्स अडवणारं औषध, प्लेटमध्ये छान चालायचं, पण ग्लायोब्लास्टोमाच्या सेन्ट्रिक या फेज-३ ट्रायलचा निकाल २०१४ ला छापून आला, त्यात पेशंट जास्त जगले असं दिसलं नाही. तेव्हा रेघ भरली नाही एवढ्यावरून "हे प्रोटीन थेरप्युटिक टार्गेट आहे" असं शेवटचं वाक्य टाकू नका, "फायब्रोनेक्टिनवर, सीरमशिवाय, या तासांत, या दोन लाइन्समध्ये" असं लिहा.

स्टॅटिस्टिक्समध्ये एकच सांगतो, एका प्लेटच्या सहा वेल्स म्हणजे एन सहा नाही, तो एन एक आहे. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजच्या पेशींवर किमान तीनदा करा आणि त्या तीन सरासऱ्यांवर टेस्ट लावा. फिगरच्या खाली क्लोनचं नाव, कोटिंगचं कॉन्सन्ट्रेशन, पेशी कशाने सोडवल्या, सीरम किती, तास किती आणि मायटोमायसिन होतं की नव्हतं हे सगळं आत्ताच लिहून ठेवा, सबमिशनच्या आदल्या रात्री लॅब नोटबुकमध्ये शोधत बसलात तर निम्मं सापडणार नाही.